सायकलस्वारांचे अंतर्वस्त्र व स्वेदविचार

घाटंजी हा कापसाचा तालुका. जवळच्या फेरीस सुती बनियन पुरेसे होय. दीर्घ सायकलस्वारीत मात्र सूत घाम शोषून ओलेच राहते. हिवाळ्यातील पहाटे त्याने अंग गारठते, तर उन्हाळ्यात जांघेत ओलावा व घर्षण वाढून दद्रूस वाव मिळतो. अतिव्यायाम, अतिसंताप व शीतोष्णाचे अक्रमाने सेवन ही स्वेदवह स्रोतोदुष्टीची कारणे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलीच आहेत.

म्हणून आम्ही सुचवितो की, अंगालगत बसणारे पण न काचणारे, पातळ पॉलिएस्टरचे अथवा मेरिनो लोकरीचे वस्त्र असावे. गादी लावलेल्या सायकल-चड्डीखाली दुसरी चड्डी नसावी. स्वारी संपताच वस्त्रे बदलून, धुऊन नीट वाळवावीत. जांघेतील खाजेवर औषधविक्रेत्या बंधूंनी स्टिरॉइडयुक्त मिश्र मलम परस्पर देऊ नये. त्याने खाज शमते, दद्रु मात्र पसरतो.