गळाबरोबर दोरही न्या

नदीकाठची एक दिवसाची सहल कमी खर्चात सगळ्या घराला ताजंतवानं करते. पण नदी कितीही ओळखीची असली तरी तिला गृहीत धरता येत नाही. रायपूरच्या एका मराठी कुटुंबाला हे कसं उमगलं, त्याची ही हकिगत.

लग्न होऊन रायपूरला आले, त्यानंतरचा पहिलाच रविवार. पहाटे चारला स्वयंपाकघरातून खुडबुड ऐकू आली. चोर असेल म्हणून यांना उठवायला हात पुढे केला, तर अंथरूण रिकामं! घाबरतच उठले. पाहते तर काय, हे आणि मामंजी परात पुढ्यात घेऊन कणीक मळत बसलेले.

पुरुषमाणसं पहाटे उठून कणीक मळताहेत, हे पाहून मी मनात म्हटलं, सासर चांगलं मिळालं! पण मामंजींनी त्या कणकेत भाजलेल्या चण्याचं पीठ आणि गुळाचा खडा घातला, तेव्हा माझा भ्रम फिटला. ती कणीक पोळ्यांसाठी नव्हतीच. माशांसाठी होती.

ही गोष्ट १९९१ सालची. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. छत्तीसगड राज्य झालं ते पुढे २००० साली. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून इथे मराठी माणसांचं येणं-जाणं आहे आणि तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आजही मराठी घरं सापडतात. आमच्या सासरची माणसं घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी आणि नदीवर गेली की छत्तीसगढी. इथे मासे धरायला जाणं म्हणजे ‘गरी खेलना’. गरी म्हणजे आपला गळ.

माझं माहेर भंडाऱ्याचं. वैनगंगेकाठी ढिवरांची जाळी वाळत घातलेली पाहतच मी मोठी झाले. पण घरातली सगळी माणसं हौसेनं, डबे बांधून, मासे धरायला निघतात, हे मात्र मला नवीन होतं.

छोट्या गाडीतली सहल

त्या काळी रायपूरहून अभनपूरमार्गे राजीमला छोटी लाईन होती. अरुंद रुळांवरून ती गाडी इतकी सावकाश चालायची, की धाकटे भाऊजी म्हणत, उतरून फुलं तोडावीत आणि पुन्हा चढावं. आता ती गाडी इतिहासजमा झाली आहे. पण आमच्या कितीतरी सहली तिनंच झाल्या. बांबूच्या काठ्या खिडकीतून बाहेर काढून ठेवलेल्या, मांडीवर डबे आणि पायाशी ओल्या मातीत गांडुळं भरलेला पत्र्याचा डबा.

राजीमला महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्यांचा संगम आहे. पात्राच्या मधोमध उंच चौथऱ्यावर कुलेश्वर महादेवाचं देऊळ. पावसाळ्यात ते चारी बाजूंनी पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात त्याच वाळूतून चालत देवळापर्यंत जाता येतं. देवळाजवळ गळ टाकायचा नाही, हा मामंजींचा नियम. दर्शन घ्यायचं आणि काठाकाठानं लांब चालत जायचं.

मासे धरण्यातलं शास्त्र मी मामंजींकडून शिकले. नदीचं पाणी म्हणजे तीन मजली घर, असं ते सांगत. वरच्या मजल्यावर कटला, मधल्यावर रोहू आणि तळमजल्यावर चिखलात तोंड खुपसणारा मृगळ. ज्याच्या घरी जायचं त्या मजल्यावर गळ थांबला पाहिजे. त्यासाठी दोऱ्याला मोरपिसाच्या देठाचा तुकडा बांधायचा आणि तो खालीवर सरकवायचा. देठ पाण्यावर उभं राहतं. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा ते थरथरतं आणि गळ तोंडात घेऊन वळतो तेव्हा सरकन आत ओढलं जातं. पहिल्या थरथरीलाच काठी उचलली की संपलं! रोहू-मृगळाला कणीक चालते. टेंगरा, शिंगी, मांगूर यांना मात्र गांडूळ हवं. शिंगीला हात लावताना जपावं, तिच्या कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो. तो लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, ठणका कमी होतो.

आम्ही फक्त खवले काढायचे का?

पहिली दोन वर्षं सहलीचा शिरस्ता ठरलेला होता. पुरुषमंडळी गळ टाकून बसत. आम्ही बायका तीन दगडांची चूल मांडून धुरात डोळे पुसत असू. दुपारी दोनला चार बोटभर मासे येत आणि ते साफ करायचं कामही आमच्याकडेच येई.

एकदा सासूबाईंनी हातातली विळी खाली ठेवली. म्हणाल्या, ‘‘आज मी नाही चुलीजवळ बसणार. चाळीस वर्षं झाली, आम्ही काय फक्त खवले काढायला यायचं नदीवर?’’

मामंजी गडबडले. ‘‘अहो, पण तुम्हाला गळ धरता यायचा नाही.’’

‘‘तुम्हाला तरी कुठे येतो? चार तासांत चारच तर आणलेत!’’

सगळे हसले. सासूबाई काठी घेऊन बसल्या आणि अर्ध्या तासात त्यांनी एक कोतरी काढली. मासा करंगळीएवढा, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मावत नव्हता. त्या दिवशी भात यांनी लावला. खाली लागला, पण कुणी तक्रार केली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात पाळी ठरली. निम्मी माणसं गळावर, निम्मी चुलीवर आणि जेवणानंतर अदलाबदल. स्वयंपाकही सोपा केला. घरून ज्वारीच्या भाकरी, ठेचा, दही न्यायचं. तिथे फक्त मासळीचा रस्सा, मोहरी वाटून घालून, इकडच्या पद्धतीनं. कधी अंगाकर करायची. तांदळाच्या पिठाची ही जाड भाकर पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. आपल्या विदर्भातल्या पानग्यांची ती चुलत बहीणच! मासा मिळाला नाही तर भाकरी-ठेचा असतोच. मासे मिळणं हे सहलीचं निमित्त आहे, सहल त्याच्यावर अवलंबून ठेवू नये.

खरं सांगायचं तर घरात जे बोलणं होत नाही ते गळ टाकून बसल्यावर होतं. नजर पाण्यावर असते, एकमेकांकडे पाहायचं नसतं, त्यामुळे मनातलं सहज बाहेर येतं. दहावीत गणितात नापास झाल्याचं माझ्या मुलानं आजोबांना खारुनच्या काठावरच सांगितलं होतं. मामंजींनी मोरपिसावरची नजर न हटवता एवढंच विचारलं, ‘‘मग आता पुढे काय करायचं ठरवलंस?’’ घरी ही बातमी फुटली असती तर रामायण झालं असतं.

तो रविवार

इतक्या वर्षांत नदी आपल्या ओळखीची झाली, असं आम्हाला वाटू लागलं होतं. चूक तिथेच झाली.

काही वर्षांपूर्वी होळीनंतरच्या एका रविवारी आम्ही महानदीवर गेलो होतो. यांचे दोन मित्र, त्यांची कुटुंबं, वन्सं आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा, मिळून चौदा माणसं. जागा नेहमीचीच. पाणी घोट्याएवढं, फार तर गुडघ्याएवढं. मुलं खेळत होती. आम्ही मोठी माणसं गप्पांत होतो. चौदाजणांपैकी प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कुणीतरी मुलांकडे पाहत असेल.

ओरडा ऐकू आला नाही, पाणीही फार उडालं नाही. गुडघाभर पाण्यात उभा असलेला भाचा एक पाऊल मागे सरकला आणि दिसेनासा झाला. पात्रातली वाळू उपसून तिथे खड्डा केलेला होता. वरून पाणी सपाट, एकाच रंगाचं. गेल्या वर्षी तो खड्डा नव्हता.

यांचे एक मित्र कपड्यांनिशी धावले. खड्ड्याच्या काठाची वाळू त्यांच्या पायाखालून घसरली आणि तेही गळ्यापर्यंत आत गेले. त्यांच्यामागे हे निघाले. तेवढ्यात डोंगीत बसून जाळं विणत असलेला एक म्हातारा केवट जिवाच्या आकांतानं ओरडला, ‘‘झन कूदव! झन कूदव!’’ उडी मारू नका. त्यानं डोंगीचा लांब बांबू पुढे केला. आधी मित्रांनी तो धरला, मग त्यांच्या हाताला मुलाचा शर्ट लागला. सारं दोन मिनिटांत झालं असेल. मला ती दोन मिनिटं अजूनही रात्री आठवतात.

भाचा बाहेर आला तो खोकत, निळा पडलेला. कुणीतरी त्याला पाय धरून उलटा करायला निघालं. वन्सं परिचारिका आहेत. आई असूनही त्यांनी डोकं शांत ठेवलं. ‘‘उलटा करू नका, पोट दाबू नका!’’ त्या ओरडल्या. मुलगा श्वास घेत होता. त्यांनी त्याला कुशीवर निजवलं, ओले कपडे काढून चादरीत गुंडाळलं आणि आम्ही तडक दवाखाना गाठला. फुप्फुसात पाणी गेलेल्या माणसाला काही तासांनीही त्रास होऊ शकतो, म्हणून रात्रभर त्याला तिथेच ठेवलं. सकाळी त्यानं पोहे मागितले, तेव्हा वन्सं पहिल्यांदा रडल्या.

त्या केवटबाबांना आम्ही पुढच्या रविवारी भेटायला गेलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत, लुगडं आणि मिठाई घेतली. म्हणाले, एकाला वाचवायला चार जण उडी घेतात आणि घरात चार सुतकं येतात, असं त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलंय.

ते खोटं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून गेली. वर्तमानपत्रात बातमी वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. ती बातमी आपल्या घरापासून एका पावलावर असते, हे त्या दिवशी कळलं.

नदीवर जाणं सोडायचं का?

घरात पहिला विचार हाच आला. पण सासूबाई म्हणाल्या, ‘‘रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण घरात बसतो का? नीट चालायला शिकतो.’’ आम्हीही नीट जायला शिकलो. आमच्या घरचे नियम आता असे आहेत :

• दर अर्ध्या तासाला एक मोठं माणूस फक्त मुलांकडे पाहील. त्याच्या हातात गळ नाही, मोबाइल नाही, पत्ते नाहीत. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, म्हणून कानांवर नाही, डोळ्यांवर भिस्त ठेवायची.

• टोपलीत पंधरा-वीस मीटर जाड दोर आणि त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन. कुणी बुडू लागलं तर कॅन फेकायचा, काठी, साडी, ओढणी पुढे करायची. उडी टाकायची नाही.

• उतरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारायचं. वाळू कुठे उपसली आहे, डोह कुठे आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. मग काठीनं तळ चाचपत पुढे जायचं. गेल्या वर्षीच्या माहितीवर यंदा भरवसा नाही.

• धरणाखालच्या पात्रात मुक्काम मांडायचा नाही. महानदीवर गंगरेलचं मोठं धरण आहे. आभाळ निरभ्र असलं तरी वरून पाणी सुटू शकतं. पाणी गढूळ झालं किंवा काठचा दगड बुडू लागला की सामान सोडून आधी वर यायचं.

• बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मध्यावर तीस वेळा दाबून दोन श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवायचं. तोवर दुसऱ्यानं ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. आमच्या घरात हे सहा जण शिकले आहेत.

आणखी एक नियम कायद्याचा आहे. छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांत मासेमारीला बंदी असते. पहिल्या पुरात रोहू, कटला, मृगळ अंडी घालतात. त्या दिवसांत पोटुशी मासळी धरणं म्हणजे पुढच्या वर्षीचा हंगाम आजच खाणं. शिवाय गावचे तलाव बहुतेक ठेक्यानं दिलेले असतात. तिथे विचारल्याशिवाय गळ टाकणं ही चोरीच. आणि तुटलेला दोरा, गळ काठावर टाकून यायचं नाही. त्यात पाखरांचे पाय अडकतात, मुलांचे तळवे फाटतात.

सगळ्या घराला पोहायला शिकवायचंही मनावर घेतलं. भाचा आधी पाण्याजवळ जाईना. वर्षभरानंतर वन्सं त्याला तरणतलावावर घेऊन गेल्या, आणि मुलाला एकट्यानं भीती वाटू नये म्हणून वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःही शिकल्या. आज दोघंही पोहतात.

मामंजी आता नाहीत. त्यांच्या बांबूच्या काठ्या माळ्यावर आहेत. मागच्या कार्तिक पौर्णिमेला खारुनवरच्या महादेवघाटाची पुन्नी जत्रा पाहून आम्ही परतलो आणि पुढच्या रविवारी नदीवर जायचं ठरलं. पहाटे चारला पुन्हा स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. पाहते तर माझा मुलगा आणि भाचा परातीत कणीक मळत होते. गुळाचा खडाही आठवणीनं घातला होता.

मी काही बोलायच्या आत भाचा म्हणाला, ‘‘मामी, दोर टोपलीत टाकलाय. सगळ्यात आधी.’’