लॅमिनेटसाठी रोलर निवडताना...
स्वयंपाकघरातील कपाटाचे लॅमिनेट काही महिन्यांतच कडेने सुटू लागले, की दोष गोंदाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा उणीव असते ती दाबाची. रबरयुक्त गोंद प्लायवूड व लॅमिनेट या दोहोंना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा लागतो. त्यानंतरची पकड दाबाच्या कालावधीपेक्षा त्याच्या जोरावर ठरते.

म्हणूनच रोलरची रुंदी महत्त्वाची. हाताचा जोर तेवढाच असला, तरी अरुंद रोलरखाली तो कमी जागेत एकवटतो. साधारण ३ इंची, टणक रबराचा रोलर बहुतेक घरगुती कामांना पुरतो. तो मध्यापासून कडेकडे फिरवावा, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते. मात्र प्लायवूडबाहेर आलेल्या कडेवर दाब दिल्यास लॅमिनेट तडकते. पांढरा गोंद वापरल्यास केवळ रोलर पुरत नाही. तो सुकेपर्यंत वजन ठेवावेच लागते.