तेलकट कपाळ, कोरडे कोपर: मुरूम आणि इसब यांविषयीचे गैरसमज

मुरूम तेलकट त्वचेला येतात, इसब कोरड्या त्वचेला होतो, त्यामुळे एकाच मुलाला हे दोन्ही विकार एकाच वेळी होणे शक्य नाही, असा समज पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील अनेक घरांत रूढ आहे. वस्तुस्थिती अशी की दोन्ही विकार एकाच चेहऱ्यावर सुखेनैव नांदतात आणि पौगंडावस्थेत त्यांची गाठ पडू शकते. वयात येताना अँड्रोजेन या संप्रेरकांमुळे तैलग्रंथींचा स्राव वाढतो, केसांच्या मुळाशी असलेली छिद्रे मृत पेशींनी बुजतात, तेथे त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू वाढतात आणि दाह होऊन मुरूम उठतो. इसबाचे मूळ निराळे आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिनसारख्या प्रथिनांची अनेक मुलांत जन्मतःच उणीव असते, त्यामुळे आतला ओलावा उडून जातो, बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरतात, आणि कोपराच्या व गुडघ्याच्या खळग्यांत, मानेवर, पापण्यांवर खाज व चट्टे येतात. कपाळ व नाक तेलाने चमकत असताना तोंडाच्या कडा सोलवटत असतील, तर त्यात परस्परविरोध काहीच नाही.

मुरूम अस्वच्छतेने येतात या समजुतीतून दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुण्याची सवय लागते. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर वडीच्या साबणाचा नऊ ते दहा; प्रत्येक धुण्यासरशी आधीच फाटकी असलेली संरक्षक भिंत आणखी फाटते, इसब भडकतो, आणि मुरमांना कारणीभूत असलेले छिद्रांतले अडथळे तसेच राहतात. सामू त्वचेशी जुळणाऱ्या, सुगंधविरहित क्लीन्झरने दिवसातून दोनदा चेहरा धुणे पुरेसे असते. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट हे घरगुती उपाय तर संवेदनशील त्वचेला सरळसरळ भाजतात, आणि लिंबू लावून उन्हात गेल्यास फोड व काळे डाग उमटू शकतात.

खोबरेल तेलाविषयीचा गैरसमज अधिक नाजूक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. शुद्ध (व्हर्जिन) खोबरेल तेलाने इसबाचा कोरडेपणा कमी होतो, असे नियंत्रित चाचण्यांत दिसून आले आहे, तेव्हा हातापायांवर ते लावण्यास हरकत नसते. मात्र तेच तेल चेहऱ्यावर छिद्रे बुजवते, आणि डोक्याला चोपडलेले तेल घामाबरोबर ओघळून केसांच्या कडेने कपाळावर बारीक पुटकुळ्यांची रांग उठवते. चेहऱ्यासाठी ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रे न बुजवणारे, सिरामाइडयुक्त मॉइश्चरायझर हवे. मुरूम असताना मॉइश्चरायझर लावूच नये हा समज तितकाच चुकीचा, किंबहुना या जोडविकारात अधिकच घातक, कारण मुरमांची बहुतेक औषधे त्वचा कोरडी करतात आणि ओलाव्याच्या आधाराशिवाय ती इसब असलेल्या मुलाला सोसवतच नाहीत.

सर्वाधिक नुकसान मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब करते. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ही मलमे खाज, नायटा, मुरूम आणि काळेपणा या सर्वांवर एकच औषध म्हणून वापरली जातात. दोन दिवसांत लाली ओसरते आणि घरच्यांचा विश्वास बसतो. पुढे चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, एकसारख्या आकाराचे नवे मुरूम उठतात, आणि मलम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. त्याखाली नायटा किंवा खरूज असेल तर ती वरवर झाकली जाऊन आत पसरते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत असलेली आणि आश्रमशाळेच्या वसतिगृहात सोबतच्या मुलांनाही सुटलेली खाज ही बहुधा खरूज असते, इसब नव्हे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ बाह्य वापराची स्टिरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये आणून चिठ्ठी सक्तीची केली, या नियमाचे पालन काटेकोर व्हायलाच हवे. याउलट स्टिरॉइडला सरसकट विष मानणेही तितकेच चुकीचे आहे: हातापायांवरील भडकलेल्या इसबावर डॉक्टरांनी ठरवलेल्या तीव्रतेचे मलम ठरावीक दिवस लावणे सुरक्षित असते, आणि मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली पट्टी, सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले होते, त्यामुळे बोईसरमधील पालक प्रत्येक पुरळाचे खापर कारखान्यांच्या धुरावर फोडतात. त्यांची चिंता रास्त आहे, कारण प्रदूषित हवेने इसब बळावतो. तरीही धूर हे साध्या मुरमांचे मूळ कारण नव्हे, आणि हवा सुधारेपर्यंत उपचार थांबवून ठेवणे म्हणजे मुलाच्या चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडू देणे होय.

आहाराविषयीही गैरसमज आहेत: सुकट, बोंबील ‘उष्ण’ म्हणून बंद करण्याने मुरूम जात नाहीत. साखर, मैदा यांसारख्या रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या आहाराचा मुरमांशी काही संबंध आढळतो. मासळीची खरी ॲलर्जी मात्र तपासणीनेच ठरवावी लागते, कारण ज्या पालघर जिल्ह्याला जव्हार-मोखाड्यातील कुपोषणाचा इतिहास आहे, तेथे स्वस्तातले प्रथिन उगाच तोडणे परवडणारे नाही.

उपचारांचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी इसब शांत करून त्वचेची भिंत सावरावी, आणि मगच मुरमांचे औषध सुरू करावे. ॲडापालीनसारखे रेटिनॉइड प्रथम दर तिसऱ्या रात्री, संपूर्ण चेहऱ्यास मिळून वाटाण्याएवढे, मॉइश्चरायझरच्या थरावर लावतात. पापण्या, ओठांच्या कडा आणि इसबाचे चट्टे वगळतात. चेहऱ्यावरील इसबासाठी टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइडविरहित मलम डॉक्टर सुचवू शकतात. मुरमांचा फरक दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत औषध बदलू नये. इसबाच्या जागी अचानक एकसारखे, खोलगट, दुखरे फोड उठले आणि ताप आला, तर तो नागीण वर्गातील विषाणूचा संसर्ग असू शकतो व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. एरवीच्या तक्रारींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला शाळेतच चट्टे दाखवता येतात, कारण खरूज, बुरशी आणि इसब हे तिन्ही त्या कार्यक्रमाच्या यादीत आहेत.