यादी रिकामी असली तर? आर्ग्युमेंट्सविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावातून मुले संगणक शिकायला बाहेर पडतात आणि ‘सी’च्या प्रॅक्टिकलमध्ये एक वाक्य वहीत उतरवून घेतात: ‘आर्ग-व्हीच्या शून्याव्या जागी प्रोग्रॅमचे नाव असते.’ परीक्षेपुरते ते चालते. पण याच गृहीतकामुळे असंख्य लिनक्स संगणकांत बारा वर्षांहून अधिक काळ एक फट राहून गेली.

गैरसमज १ : शून्याव्या जागी नाव असतेच.

वस्तुस्थिती : आर्ग-व्ही म्हणजे प्रोग्रॅमला मिळणाऱ्या आर्ग्युमेंट्सची यादी. ती ऑपरेटिंग सिस्टीम बनवत नाही, प्रोग्रॅम सुरू करणारा दुसरा प्रोग्रॅम ती हाती देतो. टर्मिनलवर शेल तिथे नाव लिहितो, म्हणून आपल्याला सवय होते. ‘एक्झेक-व्हीई’ हा सिस्टीम कॉल थेट वापरला, तर लिनक्सवर रिकामी यादीही देता येत असे. ‘सी’चे मानकही एवढेच सांगते, की आर्ग-सी, म्हणजे यादीतल्या आर्ग्युमेंट्सचा आकडा, ऋण नसावा. शून्य चालतो.

गैरसमज २ : यादी रिकामी असली, तर प्रोग्रॅम फार तर बंद पडेल.

वस्तुस्थिती : मेमरीत आर्ग्युमेंट्सच्या यादीला लागूनच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची यादी असते. मध्ये बांध एकच, यादीचा शेवट दाखवणाऱ्या ‘नल’चा. रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने चालणारा लिनक्सवरचा ‘पीकेएक्झेक’ हा प्रोग्रॅम आर्ग्युमेंट्सची मोजणी एकपासून सुरू करायचा. यादी रिकामी असली, की शून्याव्या जागी बांधच यायचा आणि पहिली जागा शेजाऱ्याच्या शेतात पडायची. पीकेएक्झेक तिथला मजकूर प्रोग्रॅमचे नाव समजून वाचायचा, त्याचा पूर्ण पत्ता शोधायचा आणि तो त्याच जागी लिहून ठेवायचा. सुरक्षेसाठी आधीच काढून टाकलेले धोकादायक व्हेरिएबल अशा रीतीने परत आत आणता यायचे आणि हल्लेखोराचा कोड रूट म्हणून चालायचा.

गैरसमज ३ : सोर्स कोड खुला असला, की चूक लगेच सापडते.

वस्तुस्थिती : ही चूक मे २००९ पासून होती. रायन मॅलन यांनी २०१३ मध्ये पीकेएक्झेकच्या या विचित्र वागण्यावर बोट ठेवले होते. पण त्यातून हल्ला कसा होईल, हे तेव्हा उलगडले नाही. पुण्यात मोठे कार्यालय असलेल्या ‘क्वालिस’ कंपनीच्या संशोधकांनी २५ जानेवारी २०२२ रोजी तो जगासमोर मांडला. नाव पडले ‘पॉन-किट’.

गैरसमज ४ : इंटरनेटवरून कोणीही घुसू शकत होते.

वस्तुस्थिती : नाही. त्या संगणकावर आधी साधे खाते हवे. मात्र कॉलेजच्या सामायिक सर्व्हरवर अशी खाती शेकड्यांनी असतात, आणि त्यातल्या कोणालाही मशीनचा मालक होता आले असते.

गैरसमज ५ : आता कर्नल सुधारला, विषय संपला.

वस्तुस्थिती : ओपन-बीएसडीचा कर्नल रिकामी यादी आधीपासूनच नाकारत होता. लिनक्सने मे २०२२ मधल्या ५.१८ आवृत्तीपासून अशा यादीत एक रिकामी स्ट्रिंग भरायला सुरुवात केली. पीकेएक्झेकही वेगळा दुरुस्त झाला. पण लॅबमधल्या जुन्या मशीनवर यातले काहीच आपोआप येत नाही. तिथे अपडेट करावेच लागते. ते लगेच जमत नसेल, तर पीकेएक्झेकला रूटचा अधिकार देणारा सेट-यूआयडी बिट काढून ठेवावा. क्वालिसनेही हाच तात्पुरता उपाय सुचवला होता.