अदृश्यतेचे शास्त्र



काही दिवसांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्याजवळ आला आणि त्याने भ्रमणध्वनीवरील एक चित्रफीत मला दाखविली. एक मनुष्य झाडीसमोर उभा राहतो, अंगासमोर एक पारदर्शक चादर धरतो आणि पाहता पाहता नाहीसा होतो. मागची झाडी मात्र जशीच्या तशी दिसत राहते. "सर, हे खरे का?" असा त्याचा प्रश्न होता. ही चित्रफीत २०१७ च्या डिसेंबरमध्ये चीनमधून जगभर पसरली होती. ती निव्वळ चित्रसंपादनाची करामत होती. परंतु "हे खोटे आहे" एवढेच सांगून त्या मुलास वाटेला लावणे मला प्रशस्त वाटले नाही. कारण अदृश्य होण्याचे शास्त्र मुळीच नाही असे नव्हे. ते आहे, आणि त्या लबाडीहून अधिक मनोरंजक आहे.

अदृश्य होण्याची हौस मनुष्यजातीस फार जुनी. रामायणातील इंद्रजित मायेच्या बळावर आकाशात गुप्त होऊन बाणांचा वर्षाव करीत असे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने गायगीज नावाच्या धनगराची कथा सांगितली आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळविला की तो कोणास दिसेनासा होतो, आणि त्या बळावर तो राजाचा घात करून राज्य बळकावतो. आपणांस कोणी पाहत नसताना आपण सदाचरणी राहू काय, हाच प्लेटोचा खरा प्रश्न होता. तो आपण शेवटी पुन्हा हाती घेऊ.

प्रथम 'दिसणे' म्हणजे काय, ते पाहू. सूर्याचा वा दिव्याचा प्रकाश वस्तूवर पडतो. तिच्यावरून परतलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, आणि वस्तू दिसते. त्याच वेळी ती वस्तू आपल्या पाठीमागून येणारा प्रकाश अडवून धरते. म्हणजे अदृश्य व्हावयाचे तर दोन गोष्टी साधल्या पाहिजेत : स्वतःचे रूप प्रकट होता कामा नये, आणि पाठीमागचे दृश्य मात्र पाहणाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

पहिली गोष्ट निसर्गाने फार पूर्वीच साधली आहे. सह्याद्रीच्या रानात एक फुलपाखरू असते. पंख उघडले की ते निळ्या रंगाने झळकते. मिटले की हुबेहूब वाळके पान, मधली शीर आणि देठ यांसह! आपल्या समुद्रातील माकुल, ज्यास कोकणीत माणकी म्हणतात, ती त्वचेतील रंगपेशी ताणून वा आवळून क्षणार्धात रंग पालटते. सैनिकांनी हाच धडा गिरविला. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या गाइड्स पलटणीच्या हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने आपल्या शिपायांस भडक गणवेशाऐवजी मातकट रंगाचे कपडे दिले. 'खाक' म्हणजे धूळ. त्यावरून 'खाकी' हा शब्द रूढ झाला.

दुसरी गोष्ट, म्हणजे पाठीमागचा प्रकाश पुढे आणणे, ही अधिक अवघड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने तिचा एक चतुर प्रयोग केला. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर विमान काळ्या ठिपक्यासारखे उठून दिसते आणि शत्रूची पाणबुडी वेळीच बुडी मारते. म्हणून विमानाच्या पुढील कडांवर दिवे बसवून त्यांचे तेज आकाशाच्या तेजाशी जुळविण्यात आले. एरवी सुमारे १९ किलोमीटरांवरून ध्यानात येणारे विमान दिवे लावल्यावर ३ किलोमीटरांच्या आत येईपर्यंत दिसले नाही. लपण्यासाठी दिवे लावावयाचे, ही केवढी विलक्षण कल्पना! तथापि रडारच्या प्रगतीमुळे ती मागे पडली.

जपानमधील तोक्यो विद्यापीठाचे प्राध्यापक सुसुमु ताची आणि त्यांचे सहकारी यांनी ही कल्पना पुष्कळ पुढे नेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्रात एक मनुष्य झगा घालून उभा आहे, आणि त्याच्या अंगातून पलीकडच्या रस्त्यावरून चालणारी माणसे दिसत आहेत. ही किमया अशी : मनुष्याच्या पाठीमागे एक कॅमेरा असतो. तो मागील दृश्य टिपतो. संगणक ते चित्र पाहणाऱ्याच्या दृष्टिकोनास जुळवून घेतो, आणि प्रक्षेपक ते झग्यावर टाकतो. पाहणाऱ्याच्या पुढे एक अर्धपारदर्शक आरसा तिरपा बसविलेला असतो. त्यामुळे प्रक्षेपकाचा प्रकाश आणि पाहणाऱ्याची नजर एकाच वाटेने जातात.

येथे कोणी विचारील, साधा पांढरा सदरा असता तर काय बिघडले असते? साधे कापड प्रकाश सर्व दिशांस उधळून देते. चित्र फिकट पडते आणि दिवसाच्या उजेडात दिसेनासे होते. ताचींच्या झग्यावर अत्यंत सूक्ष्म काचमण्यांचा थर होता. अशा मण्यात शिरलेला किरण मागील बाजूवरून परतून जेथून आला त्याच दिशेने माघारी जातो. म्हणून प्रक्षेपकाचा पुष्कळसा प्रकाश पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या दिशेने परततो आणि चित्र तेजस्वी दिसते.

याचा पडताळा तुम्ही घरी घेऊ शकाल. रात्री सायकलच्या मागील लाल परावर्तकापासून वीस-पंचवीस पावलांवर उभे राहा. विजेरी डोळ्याजवळ, कानशिलाशी धरून तिचा झोत त्यावर टाका. परावर्तक निखाऱ्यासारखा पेटलेला दिसेल. आता त्याच जागी उभे राहून विजेरी मित्राच्या हाती द्या आणि त्याला चार पावले बाजूस सरकवून तेथून झोत टाकावयास सांगा. परावर्तक मंद पडेल. प्रकाश जेथून आला तेथेच गेला! रस्त्यावरील चकाकणारे खुंटे, वाहनांच्या क्रमांकपट्ट्या, पोलिसांच्या जाकिटावरील पट्टे ही सर्व याच तत्त्वाची अपत्ये होत.

याच प्रयोगातून त्या झग्याची मर्यादाही कळते. तो एका ठरावीक जागेवरून पाहणाऱ्यासच फसवितो. दोन पावले बाजूस सरकले की सोंग उघडे पडते.

तिसरा मार्ग म्हणजे प्रकाशासच वळसा घालावयास लावणे. ओढ्यातील पाणी धोंड्यास वळसा घालून पुढे पुन्हा एक होते. पुढचे पाणी पाहून मागे धोंडा होता हे कळत नाही. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी या कल्पनेस गणिताचा पाया दिला, आणि २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या एका छोट्या नळकांड्याभोवती धातूच्या सूक्ष्म कड्यांची वलये रचून सूक्ष्मलहरींना असा वळसा घालावयास लावला. मात्र त्या लहरींची लांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटर होती. दृश्य प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड! तिला वळविणारी रचना त्याहून बारीक हवी, आणि तीही सर्व रंगांस एकाच वेळी चालली पाहिजे. म्हणून माणूस झाकणारी अशी शाल अद्यापि कोणास विणता आलेली नाही.

सैन्यास या विद्येचे आकर्षण असणे साहजिकच आहे. परंतु रणांगणावर केवळ डोळे पाहत नसतात. माणसाचे उष्ण शरीर आणि रणगाड्याचे तापलेले यंत्र अवरक्त किरण सोडीत असतात, आणि उष्णता टिपणारे कॅमेरे ते अंधारातही पाहतात. यावर उपाय म्हणून २०११ साली स्वीडनमध्ये रणगाड्यास षट्कोनी पत्रे जडविण्याचा प्रयोग झाला. ते पत्रे हवे तसे तापवून वा थंड करून त्या कॅमेऱ्यास रणगाडा साध्या मोटारीसारखा भासविता येतो. तरीही चाकांचा माग, धूळ आणि आवाज उरतातच.

माझ्या मते या शास्त्राचा खरा उपयोग घरच्या जीवनातच आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एक टेम्पो मागे येत होता. त्याच्या पाठीमागे तीन-चार वर्षांची एक मुलगी पाण्यात कागदाची होडी सोडीत बसली होती. चालकास ती दिसत नव्हती; पलीकडच्या शिंप्याने आरोळी ठोकली म्हणून अनर्थ टळला. चालक निष्काळजी नव्हता. त्याच्या आणि मुलीच्या मध्ये लोखंडाचा पत्रा होता, इतकेच. जपानच्या केइओ विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली याच काचमण्यांच्या युक्तीने मोटारीचे मागील आसन चालकास जणू पारदर्शक करून दाखविले. विमान उतरविताना वैमानिकास पायांखालची धावपट्टी दिसावी, शस्त्रक्रिया करताना स्वतःच्या बोटांमुळे झाकलेला भाग शल्यविशारदास दिसावा, अशाही योजना ताची यांच्या संशोधनातून पुढे आल्या. येथे माणूस लपत नाही. आड येणारी वस्तू तेवढी दूर होते.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १८९७ साली अदृश्य मानवावर कादंबरी लिहिली. पण असा मनुष्य खरोखर झालाच, तर तो आंधळा असेल! डोळ्याच्या आतील पडद्याने प्रकाश शोषून घेतला तरच आपणांस दिसते. सारे शरीर पारदर्शक झाले की प्रकाश त्या पडद्यातूनही आरपार निघून जाणार. ज्याला मुळीच दिसावयाचे नाही, त्याला पाहण्यावरही पाणी सोडावे लागेल.

गायगीजला ही अट घातली असती, तर त्याने ती अंगठी बोटात घातली असती काय? लपण्याची विद्या आणि पाहण्याची विद्या एकाच काचमण्यात आहे. टेम्पोमागच्या त्या मुलीसाठी आपणांस कोणती हवी, हे तुम्हीच ठरवा.