इंजिनातलं मेण

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरहून धाराशिवला परत येत होतो, मागच्या सीटवर आई. तुळजापूरचा घाट निम्मा चढला असेल, तोच तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. मी एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या, हीटर पूर्ण गरमवर लावला आणि पंखा चारवर.

"येडा झालास का रं? असल्या उन्हात हीटर?" आई म्हणाली.

गाडीत भट्टी पेटल्यासारखं झालं. पण काटा जागेवर थबकला. तेवढ्या उसंतीत घाटमाथ्यावरचं एक लिंबाचं झाड गाठलं आणि इंजिन बंद केलं.

हीटर लावल्यानं इंजिन गार कसं होतं? गाडीचा हीटर म्हणजे विजेची कॉइल नसते. डॅशबोर्डच्या मागे एक छोटं रेडिएटर असतं आणि त्यातून इंजिनाचंच गरम पाणी फिरतं. थंडीत आपल्याला ऊब देणारी हवा म्हणजे इंजिनाला नकोशी झालेली उष्णता. ती माणसांच्या अंगावर ओढून घेतली की इंजिनाचा भार तेवढा हलका होतो.

तासाभरानं बॉनेट उघडलं. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता, आणि समोरचं रेडिएटर जेमतेम कोमट. त्याला जोडलेला वरचा जाड रबरी पाइपसुद्धा कोमट. ज्याच्या अंगी इंजिन थंड करायचं काम, त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचलंच नव्हतं. वाटेतलं दार बंद होतं.

त्या दाराचं नाव थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये त्याला वॉल म्हणतात. मुठीत सहज मावेल एवढी ही वस्तू. तिला वायर नाही, सेन्सर नाही. तिच्या पोटात आहे मेण.

पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेच्या ढोबळमानानं तीन वाटण्या होतात. एक चाकांच्या कामी येते, एक धुराबरोबर जाते आणि तिसरी इंजिनाच्या अंगात मुरते. सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी तापमान २००० अंशांच्या वर जातं, आणि त्याला झाकणारं हेड असतं ॲल्युमिनिअमचं, जे ६६० अंशांना वितळतं. हेड शाबूत राहतं ते भोवती फिरणाऱ्या पाण्यामुळे. पण इंजिन फार गार राहिलं तरी बिघडतं. ऑइल घट्ट राहतं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि झीज वाढते. इंजिनाला नव्वद अंशांच्या आसपासची जागा मानवते. पुसातल्या पहाटे असो की मे महिन्याच्या दुपारी, ती एकच.

ती जागा मेण सांभाळतं. पितळी किंवा तांब्याच्या छोट्या डबीत ते भरलेलं असतं. उष्णता झटकन पोचावी म्हणून त्यात तांब्याची भुकटी मिसळतात. बनवणारे वेगवेगळी मेणं अशी जुळवतात, की ठरलेल्या अंशालाच ती वितळू लागावीत. माझ्या थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला होता. वितळताना मेणाचं आकारमान दहा टक्क्यांहून अधिक वाढतं. डबीत जागा नसते, म्हणून ते रबरी नळीला दाबतं, नळी आतल्या खिळ्याला बाहेर ढकलते. खिळ्याचं टोक चौकटीला टेकलेलं असल्यानं शेवटी डबीच मागे सरकते आणि दार उघडतं. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दार लोटून घेते. पूर्ण उघडल्यावर फट सुमारे ८ मिलिमीटर. तेवढ्यावर घाट चढतो.

मोटारीच्या सुरुवातीला यातलं काही नव्हतं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवर असलेल्या माहेरी, नवऱ्यानं बनवलेल्या गाडीतून गेल्या. इंजिनातलं पाणी वाफ होऊन उडायचं, म्हणून मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं. पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा हॅटला लावायच्या पिनेनं त्यांनी स्वतःच ती मोकळी केली. गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्यांची परंपरा मी तरी त्या पिनेपासून धरतो.

पुढे थर्मोस्टॅट आले. आधीच्या काळातले घड्यांच्या भात्यासारखे असत, आत चटकन वाफ होणारा द्रव. मग रेडिएटरला दाब धरणारं झाकण बसलं. तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचंच. दाबाखाली पाणी शंभराच्या पुढेही उकळत नाही. पण त्या दाबानं भाता चेपायचा. मेणाला दाबाची फिकीर नसते. अमेरिकेत सर्जियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात मेणाचा थर्मोस्टॅट आणला आणि तो आजही बहुतेक गाड्यांमध्ये आहे.

एका मिस्त्रीनं मला सांगितलं, "वॉल काढून टाका, गाडी परत गरम होणार नाही." हा सल्ला आपल्याकडे सगळीकडे मिळतो आणि तो मला मनापासून खटकतो. दार काढल्यावर इंजिन हिवाळ्यात तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, हीटर कोमट वारा सोडतो. शिवाय काही इंजिनांत हेच दार उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाटही बंद करतं. दारच नसेल तर थोडं गरम पाणी त्या आडवाटेनं फिरत राहतं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापू शकते.

नवा थर्मोस्टॅट मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी, इंजिन पूर्ण गार असताना बसवला. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हा एकच नियम जिवाशी निगडित आहे. जुनं कूलंट टोपात काढलं आणि टोप लगेच झाकला. चवीला ते गोड असतं आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात. दहाच्या पान्यानं दोन बोल्ट काढले, जुनं गॅस्केट खरवडलं. नवा बसवताना स्प्रिंग इंजिनाकडे. त्याच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात लोंबणारी इवली पिन असते, ती वरच्या बाजूला. अडकलेली हवा तिथून निसटते.

पण बसवण्याआधी एक गोष्ट केली. अंगणातल्या चुलीवर, स्वयंपाकात पुन्हा न वापरायच्या पातेल्यात जुना आणि नवा दोन्ही दोऱ्यानं टांगले आणि पाण्यात थर्मामीटर सोडला. आई शेजारी पाट टाकून बसली. सत्तर, पंच्याहत्तर. काही नाही. ऐंशी ओलांडल्यावर नव्याच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग ती कुणी आतून लोटत असल्यासारखी रुंदावत गेली.

"उघडलं की रं!" आई म्हणाली. "आन् त्यो दुसरा?"

पाण्याला उकळी फुटली. धाराशिव बालाघाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे, म्हणून आमच्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्या उकळीतही जुना मिटलेलाच.

संध्याकाळी त्याची डबी करवतीनं कापली. रबरी नळी चिरली होती आणि मेण कधीच झिरपून गेलं होतं. ढकलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून स्प्रिंगनं दार धरून ठेवलं. बाहेरून पांढरा कठीण थर होता, आमच्या बोअरच्या पाण्याचा. घरच्या पातेल्या-बादल्यांवर बसतो तोच. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये मी तेच पाणी ओतत आलो होतो. आता कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवतो.

गाडी चालू करून हीटर गरमवर ठेवला आणि वरच्या पाइपवर पंख्यापासून लांब तळहात टेकवून उभा राहिलो. काटा चढत होता, पाइप गारच. दहा-बारा मिनिटं गेली. मग एकाएकी तळव्याखालून गरम पाण्याचा लोट सरकत गेला.