हायड्रोजेलची आधारजाळी : बळ आणि पाणी

कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्याने तिला झालेली इजा सहसा आपोआप भरून येत नाही. अशा ठिकाणी पेशींना तात्पुरता आधार म्हणून हायड्रोजेलची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाची जाळी योजतात. तिच्या रचनेत मूलभूत विरोध आहे. साखळ्यांमधील बंध वाढविले की बळकटी येते, परंतु जाळे दाट होऊन पेशींचे पोषण व प्रसार खुंटतो. बंध कमी केले की जाळी भाराखाली ढासळते.

सोलापूरच्या भवानी पेठेतील मागांवर टर्किश टॉवेल विणताना असाच पेच दोन ताण्यांनी सोडविला जातो : घट्ट ताणा बळ देतो, सैल ताण्याचे फासे पाणी शोषतात. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले दुहेरी जाळ्याचे हायड्रोजेल काहीसे याच जातीचे होय. सुमारे ९० टक्के पाणी असूनही ते चिवट राहते. घट्ट जाळे तुटत जाऊन ताण पचविते, सैल जाळे अखंडता राखते.

साम्य मात्र येथे संपते. टॉवेल टिकावा लागतो. आधारजाळी नव्या ऊतीच्या वाढीबरोबर विरावी लागते. ती लवकर विरल्यास कोवळी ऊती निराधार होते, उशिरा विरल्यास वाढीस अडसर होतो. म्हणूनच बळ, सच्छिद्रता आणि विघटनाचा वेग यांचा विचार एकत्रितपणेच करणे आवश्यक ठरते.